आयडी सांगा, साहेब

31 मार्चची संध्याकाळ. नांदेडातली एक कचेरी. बिलाचं सॉफ्टवेअर अडकलेलं. वर्षभर ते बरं चालतं आणि 31 मार्चला अडकतं. सरकारी सॉफ्टवेअरला पंचांग बरोबर कळतं. दुरुस्त करणारा पुण्यात. तो फोनवर म्हणतो, "दादा, एनीडेस्क चालू करा आणि आयडी सांगा." इकडून कंत्राटी ऑपरेटर पोरगा म्हणतो, "होऊच लालं नाही बगा सर. नुसतं गोल गोल फिरू लालंय."

फिरणारच. कचेरीचं नेट सुरक्षित आहे. त्यावर यूट्यूब बंद, फेसबुक बंद, लांबून संगणक चालवू देणारं एनीडेस्क बंद. चालू काय आहे, याची यादी अजून कुणाच्या हाती लागलेली नाही.

मग पोरगा काय करतो? संगणकाच्या मागे हात घालतो. निळ्या केबलची क्लिप केव्हाच मोडलेली, त्यामुळे नुसती ओढली तरी निघते. खिशातला मोबाइल काढून हॉटस्पॉट लावतो. मोबाइल त्याचा, रिचार्ज त्याचा, मानधन तीन महिने थकलेलं, तेही त्याचंच. दोन मिनिटांत पुण्याहून माउस हलायला लागतो. बाण आपसूक फिरतो, खिडक्या उघडतात, मिटतात. टेबलाभोवती चार जण हाताची घडी घालून उभे. साहेबांच्या डिजिटल सहीचं डोंगल यूएसबीला तसंच लटकलेलं. ते काढावं असं कुणाच्या मनात येत नाही, कारण एकदा काढलं की परत ओळखायला संगणक अर्धा तास घेतो.

बिल जातं. केबल जागेवर. साहेब केबिनमधून विचारतात, "झालं का?"

"झालं साहेब."

कसं झालं, हे साहेब विचारत नाहीत. विचारलं की माहीत होतं, आणि माहीत झालं की जबाबदारी येते.

आता हिशेब बघा. कचेरीच्या नेटवर पहारा देणारी फायरवॉल शाबूत. तिच्या नोंदीत त्या दिवशी काहीही वावगं नाही. एनीडेस्कचा प्रयत्न झाला, तो अडवला, शाबास. आणि ज्या संगणकासाठी हा सगळा बंदोबस्त, तो दहा मिनिटं एका पोराच्या मोबाइलवरून उघड्यावर बसलेला होता. अडवलं कुणाला? ज्याचं नाव, गाव, कंपनी आणि वर्क ऑर्डर कचेरीच्या फायलीत आहे, त्याला.

हे अडतं कसं आणि सुटतं कसं, ते थोडक्यात. फायरवॉलचा मुख्य राग बाहेरून आत येणाऱ्यावर. आतून बाहेर जाणाऱ्याला ती सहसा विचारत नाही. विंडोजचं आपलं रिमोट डेस्कटॉप 3389 क्रमांकाच्या पोर्टवर सरळ येऊन कडी वाजवतं, म्हणून ते उंबऱ्यातच मार खातं. एनीडेस्क, टीमव्ह्यूअर ही मंडळी जास्त व्यवहारी. ती आत घुसतच नाहीत. नांदेडचा संगणक स्वतःहून बाहेरच्या एका मध्यस्थ सर्व्हरला गाठतो, पुण्याचा संगणकही त्यालाच गाठतो, आणि मध्यस्थ दोघांची सोयरीक जमवून देतो. टीमव्ह्यूअर आधी 5938 चं पोर्ट चाचपतं. ते बंद दिसलं की 443 वर येतं, तिथंही जमलं नाही तर 80 वर. आता 443 बंद करून दाखवा. त्याच्यावरच बँक चालते, महाडीबीटी चालतं, सातबारा निघतो. ते बंद केलं की कचेरीच बंद. म्हणून नवी फायरवॉल पोर्टाचा नाद सोडून आतल्या पाकिटावरचं नाव वाचते. एनीडेस्कचा पत्ता दिसला की वाट तोडते.

लातूरकरांना हे वेगळं समजावून सांगायला नको. 2016 मध्ये मांजरा धरण कोरडं पडलं, नळ बंद झाले, तेव्हा एप्रिलमध्ये पाणी रुळावरून आलं. मिरजेहून जलदूत रेल्वे निघाली, पहिल्या फेरीला 10 वाघिणी, सुमारे 5 लाख लिटर. पाण्याची हक्काची वाट नळाची. ती बंद, म्हणून चालू असलेल्या वाटेवर पाणी चढवलं. 443 वरून एनीडेस्क जातं ते असंच. (त्या वाघिणी धुऊन आल्या होत्या राजस्थानातल्या कोट्याहून. क्लासच्या एका गावाने क्लासच्या दुसऱ्या गावाला केलेली मदत म्हणावी, तर पुढे रेल्वेने 4 कोटींचं बिल पाठवलं. क्लासच्या गावात फुकट काही येत नाही.)

बंदी घालणारे खुळे आहेत, असं मात्र म्हणता येणार नाही. जून 2022 मध्ये सरकारी संगणकजाळं सांभाळणाऱ्या एनआयसीने केंद्राच्या कर्मचाऱ्यांसाठी सायबर सुरक्षेची नियमावली काढली. टीमव्ह्यूअर, एनीडेस्क, ॲमी ॲडमिन असली विनापरवाना साधनं वापरू नका, बाहेरच्या व्हीपीएन सेवा नकोत, सरकारी कागद गुगल ड्राइव्हवर, ड्रॉपबॉक्सवर ठेवू नका, कॅमस्कॅनरने स्कॅन करू नका. कंत्राटी आणि आउटसोर्स माणसांनाही हे लागू. वाचायला चोख. पुढे फेब्रुवारी 2024 मध्ये एनीडेस्कनेच जाहीर केलं की आमच्या यंत्रणेत कुणीतरी शिरलं होतं. त्याच वर्षी जूनमध्ये टीमव्ह्यूअरवर तीच पाळी आली. दोन्ही कंपन्या जर्मनीतल्या, एक स्टुटगार्टची, दुसरी जवळच्याच ग्योपिंगेनची. दोन गावांत नांदेड-लातूरइतकंही अंतर नाही. म्हणजे संशय घेणाऱ्यांचा संशय वाजवी होता.

पण परिपत्रक दिल्लीहून मुंबईला, मुंबईहून जिल्ह्याला, जिल्ह्याहून तालुक्याला येता येता त्यातली 'नको'ची पानंच तेवढी पोहोचतात. मग काय वापरायचं, कुणाला विचारायचं, रात्री आठला सॉफ्टवेअर अडकलं तर कुणाला उठवायचं, हे पान वाटेत गळतं. बंदीचा खर्च म्हणजे एक परिपत्रक आणि एक सही. वाटेचा खर्च म्हणजे एक जबाबदार माणूस, त्याचा फोन नंबर आणि तो उचलणारा हात. पहिलं स्वस्त पडतं. म्हणून आपल्याकडे बंद्या भरपूर आणि वाटा पोरांच्या खिशात.

कॉलेजांत तर ही विद्या आधीच रुजलेली. मराठवाड्यात ज्याने ज्याने इंजिनिअरिंग केलं, त्याला सायबरोम या फायरवॉलचं लॉगिन पान आठवत असेल. ब्राउझर उघडला की आधी ते. सायबरोम अहमदाबादचं, 2014 मध्ये सोफोस या ब्रिटिश कंपनीने ते विकत घेतलं. त्या पानाने पोरांना नेटवर्किंगचं जितकं शिक्षण दिलं, तितकं त्या विषयाच्या पुस्तकाने दिलं नसेल. प्रॉक्सी कशी लावायची, व्हीपीएन कसं चढवायचं, रूम पार्टनरचा पासवर्ड कसा ओळखायचा. विद्यापीठाने याला क्रेडिट द्यायला हरकत नाही.

आणि चोर? चोराला यातलं काहीच लागत नाही.

फेब्रुवारी 2019 मध्ये रिझर्व्ह बँकेने बँकांना सावध केलं होतं: एनीडेस्क उतरवून घ्यायला सांगतात, मोबाइलवर येणारा नऊ अंकी क्रमांक विचारतात आणि खातं धुऊन नेतात. क्रमांक सांगणारा आपणच, परवानगीचं बटण दाबणारे आपणच. 2022 मध्ये 'बिल भरलं नाही, आज रात्री साडेनऊला वीज तोडू' असे मेसेज राज्यभर फिरले, महावितरणला खुलासे करत बसावं लागलं. त्यात दिलेल्या नंबरवर फोन केला की पलीकडचा गृहस्थ इतक्या अदबीने बोलतो की ग्राहकाला पहिला संशय तिथंच यायला हवा. वीजवाल्यांचा माणूस, आणि पहिल्या रिंगला फोन उचलतो?

त्या गृहस्थाने कुठलं पोर्ट फोडलं नाही, कुठली फायरवॉल भेदली नाही. त्याने फक्त "आयडी सांगा" म्हटलं. आणि आपण सांगतो, कारण वर्षानुवर्षं पुण्याच्या सॉफ्टवेअरवाल्याला तसाच सांगत आलोय. कचेरीतल्या त्या पोराची आई गावाकडे अशा फोनवर आयडी सांगते, तेव्हा तिला कुणी अडाणी म्हणू नये. तिचा शिकलेला पोरगा आणि त्याचे बी. कॉम. साहेब दर मार्चला हेच करतात.

नांदेडला बाहेरचा हात आत शिरण्याची भीती ऐकीव नाही. जानेवारी 2021 मध्ये इथल्या शंकर नागरी सहकारी बँकेच्या खात्यातून साडेचौदा कोटींच्या आसपास रक्कम ऑनलाइन परस्पर वळती झाली. पुढे पकडलेल्यांत परदेशी नागरिकही निघाले. त्याआधी ऑगस्ट 2018 मध्ये पुण्याच्या कॉसमॉस बँकेचे 94 कोटी असेच गेले होते, तेही सुट्टीचा शनिवार गाठून, बरेचसे 28 देशांतल्या एटीएममधून. सुट्टीच्या दिवशी इतकं काम आपल्याकडे चोरच करतात. या घटनांनंतर सहकारी बँकांत काय झालं? आणखी साइट बंद झाल्या. कॅशिअरला क्रिकेटचा स्कोअर दिसेनासा झाला. तो आता मोबाइलवर बघतो.

लातूरचं दुखणं वेगळं. लातूरला रिमोट म्हटलं की परीक्षा आठवते.

देशातलं सगळ्यात बंदिस्त जाळं कुठलं असेल तर ऑनलाइन परीक्षा केंद्राचं. बाहेरचं नेट नाही, मोबाइल नाही, मनगटी घड्याळ नाही, लांब बाह्यांचा शर्टसुद्धा संशयित. त्या जाळ्यात रिमोट चालवून दाखवणारे निघाले. 2021 च्या जेईई मेनचं प्रकरण सीबीआयने उघडलं, त्यात हरियाणातल्या सोनीपतच्या केंद्राचं नाव आलं. विद्यार्थी केंद्रावर संगणकासमोर बसायचा आणि त्याचा पेपर लांब बसलेला तज्ज्ञ सोडवायचा, असा आरोप. भाव 12 ते 15 लाख. तारण म्हणून दहावी-बारावीच्या गुणपत्रिका आणि पुढच्या तारखेचे चेक. ऑक्टोबर 2022 मध्ये एका रशियन तरुणाला दिल्लीच्या विमानतळावर धरलं. परीक्षेच्या सॉफ्टवेअरमध्ये ढवळाढवळ करून बाहेरून ताबा घ्यायची सोय त्याने केली, असा सीबीआयचा संशय.

म्हणजे बघा. आमच्या पोराला 31 मार्चला कचेरीच्या नेटवरून पुण्याचा माउस नांदेडात आणता येत नाही, आणि तिकडे रशियापर्यंत कनेक्शन लागतं. फरक तंत्रज्ञानाचा दिसत नाही. फरक 12 ते 15 लाखांचा दिसतो.

नीटचा पेपर कागदावर, ओएमआर शीटचा. त्याला कसलं आलंय रिमोट? पण जून 2024 मध्ये नांदेडच्या दहशतवादविरोधी पथकाच्या तक्रारीवरून लातूरच्या शिवाजीनगर पोलीस ठाण्यात गुन्हा नोंदला गेला, शिक्षकांना अटक झाली, आणि बातम्या आल्या त्या त्यांच्या मोबाइलमध्ये सापडलेल्या विद्यार्थ्यांच्या प्रवेशपत्रांच्या. खरं-खोटं न्यायालय ठरवेल. पण ज्या गावात पोरं पहाटे चारला उठून जीवशास्त्र घोकतात, मेसचा एकच एक वरणभात खाऊन दोन-दोन वर्षं काढतात, तिथल्या बापाला आता फायरवॉल म्हणजे काय ते विचारू नका. त्याला एवढंच कळतं की आपल्या पोराला साधं घड्याळ नेऊ दिलं नाही.

तर मग करायचं काय? सोपं आहे, म्हणून होत नाही. कचेरीचं स्वतःचं व्हीपीएन. पुण्याच्या माणसाला त्याच्या नावाचं खातं, वर ओटीपी. त्याला थेट बिलाच्या संगणकावर न सोडता मधल्या एका यंत्रावर उतरवायचं, तिथून पुढे. परवानगी दोन तासांची, मग आपोआप बंद. कुणी काय उघडलं याची नोंद. डोंगल आधी काढून ठेवायचं, मग भले अर्धा तास जाऊ दे. रस्टडेस्क, ग्वाकामोली यांच्यासारखी फुकट सॉफ्टवेअर आहेत, जी आपल्याच सर्व्हरवर ठेवता येतात, मध्यस्थही घरचाच. इंजिनिअरिंग कॉलेजं नांदेडला आहेत, लातूरला आहेत. शेवटच्या वर्षाच्या चार पोरांना प्रोजेक्ट म्हणून द्या. एका सत्रात उभं करतील. नाहीतरी दरवर्षी ती 'लायब्ररी मॅनेजमेंट सिस्टिम'च करतात, आणि ग्रंथालयात कुणी जात नाही.

नोंदी ठेवायच्या तर केंद्राच्या सायबर सुरक्षा यंत्रणेचा, सर्ट-इनचा आदेश आहेच, 28 एप्रिल 2022 चा: लॉग 180 दिवस सांभाळा, आणि काही गडबड झाली तर 6 तासांत कळवा. 6 तासांत! आमच्याकडे 6 तासांत कागद आवकच्या टेबलावरून उठत नाही. आवकवाले जेवायला गेलेले असतात, आल्यावर शिक्का सापडत नाही, शिक्का सापडला की शाई वाळलेली.

आणि समजा, एखाद्या उत्साही अधिकाऱ्याने रिमोटच्या परवानगीचा प्रस्ताव टाकलाच. मग आयटी सेल विचारणार, याची तरतूद कुठल्या लेखाशीर्षात? लेखा विभाग विचारणार, आयटी सेलचा अभिप्राय कुठाय? अभिप्रायासाठी एक ऑनलाइन फॉर्म असणार आणि तो फॉर्म कचेरीच्या नेटवर उघडणार नाही. पोरगा खिशात हात घालणार. नस्ती ऑगस्टपर्यंत फिरेल, अधिकाऱ्याची बदली गडचिरोलीला होईल आणि नवे साहेब आल्या आल्या पहिल्यांदा वायफायचा पासवर्ड मागतील.

खरं तर लांबून कारभार चालवणं या दोन जिल्ह्यांना नवं नाही. नांदेडची रेल्वे सिकंदराबादहून चालते, दक्षिण मध्य रेल्वेच्या मुख्यालयातून. लातूर स्टेशन मध्य रेल्वेच्या सोलापूर विभागात. दोघांचं विभागीय आयुक्तालय छत्रपती संभाजीनगरला, अडीचशे किलोमीटरच्या पुढे. एकेकाळी मंत्रालयाशी थेट तार होती म्हणा. शंकरराव चव्हाण, अशोक चव्हाण नांदेडचे. शिवाजीराव निलंगेकर, विलासराव देशमुख लातूरचे. दोन जिल्ह्यांनी मिळून चार मुख्यमंत्री दिले. तेव्हा आयडी सांगावा लागत नव्हता. आडनाव सांगितलं की कनेक्ट.

मग जानेवारी 2009 मध्ये मंत्रिमंडळाने ठरवलं की मराठवाड्याचं दुसरं आयुक्तालय नांदेडला करायचं. लातूर पेटलं. बंद, मोर्चे, कोर्टकचेऱ्या. नांदेडकर म्हणाले आमचंच, लातूरकर म्हणाले आमच्या हक्काचं, आणि तेव्हापासून फाइल दोघांच्या मधे कुठंतरी बसून आहे.

यावर एक तोडगा सुचतो. दोन्ही शहरांतल्या कचेऱ्यांना एक धड चालणारं व्हीपीएन द्या. आयुक्त कुठंही बसोत, नांदेडला, लातूरला, मधे अहमदपूरच्या ढाब्यावर बसोत. फाइल दोन्हीकडे सारखीच उघडेल, सही दोन्हीकडे सारखीच होईल. भांडायला काही उरणारच नाही.

फक्त सर्व्हर कुठं ठेवायचा तेवढं ठरवावं लागेल. तो अर्थातच नांदेडला.

लातूरहून फोन यायला लागलेत. उचलत नाही. आयडी मागतील.